मायक्रोबायोम डेटा सायन्समध्ये पोस्टडॉक करायचंय? आधी विचारा, डेटा कुठाय

पीएचडी संपत आली की लॅबमधले सगळे एकच प्रश्न विचारतात, पुढे काय, आणि मायक्रोबायोलॉजी किंवा बायोटेकवाल्या बऱ्याच जणांच्या डोक्यात हल्ली हेच येतं की कोडिंग थोडंफार येतं, मायक्रोबायोम (एखाद्या ठिकाणी एकत्र राहणारे सगळे सूक्ष्मजीव) गाजतंय, तर त्यातच पोस्टडॉक करू. चांगला विचार आहे. पण माहिती सगळी विखुरलेली मिळते, कुणी व्हिसाचं सांगतं, कुणी आर ही प्रोग्रामिंगची भाषा शिक म्हणतं, आणि लॅबमध्ये गेल्यावर नेमकं कशात अडकायला होतं ते कुणीच सांगत नाही. मी पुण्यातून पीएचडी करून जर्मनीत या कामाला आले, त्यामुळे खालचं बरंचसं जर्मनीला धरून आहे, बाकी देशांत कागद बदलतील, काम तेच.

१. काम काय असतं ते आधी समजून घ्या

माणसाची विष्ठा, लाळ, माती, नदीचं पाणी, कुठलंही सॅम्पल घ्या, त्यातला डीएनए काढा, सिक्वेन्स करा आणि कुठले जीवाणू किती आहेत ते बघा, हे झालं वरवरचं वर्णन. दोन मुख्य प्रकार. एक, १६एस अँप्लिकॉन, म्हणजे जीवाणूंच्या साधारण १५०० बेस लांबीच्या १६एस जीनचा एखादा तुकडा (व्ही४ किंवा व्ही३-व्ही४) वाचायचा, स्वस्त पडतं पण बहुतेक वेळा जीनसपर्यंतच कळतं. दुसरा शॉटगन, म्हणजे सॅम्पलमधला सगळाच डीएनए वाचायचा, महाग, फाइली अवाढव्य, पण स्पिशीज, स्ट्रेन आणि जीन्सचं कामही कळतं.

दोन्हीकडून शेवटी हातात येतो एक मोठा टेबल. एका बाजूला काहीशे सॅम्पल, दुसऱ्या बाजूला काहीशे ते हजारो टॅक्सा (जीवाणूंचे गट), आणि बहुतांश खाने शून्य. त्याच्याशेजारी असतो मेटाडेटा, म्हणजे वय, वजन, आहार, औषधं, सॅम्पल कधी घेतलं वगैरे. पोस्टडॉकचा अर्धाअधिक वेळ या दुसऱ्या टेबलवर जातो. नवीन अल्गोरिदम लिहायला मिळेल म्हणून येत असाल तर तेही होतं, पण आधी "पुरुष", "पु.", "एम" आणि रिकामा खाना हे चारही एकाच कॉलममध्ये का आहेत ते सोडवावं लागतं.

२. तुम्ही कुठून येताय त्यावर तयारी

बेंचवरून, म्हणजे लॅबमध्ये हाताने प्रयोग करण्यातून, येणाऱ्यांनी स्टॅटिस्टिक्स शिकायचं, टूल नंतर. लिनियर मॉडेल, मिक्स्ड मॉडेल, मल्टिपल टेस्टिंग, एवढं नीट आलं पाहिजे, म्हणजे रिझल्ट बघून हे मॉडेल इथे का चालत नाही हे सांगता आलं पाहिजे. उलट स्टॅटिस्टिक्स, फिजिक्स किंवा कॉम्प्युटरवाल्यांनी एकदा तरी डीएनए एक्स्ट्रॅक्शन उभं राहून बघावं. किट बदललं की रिझल्ट बदलतो हे वाचून पटत नाही. ग्रॅम पॉझिटिव्हची जाड भिंत फुटायला बीड बीटिंग (बारीक मण्यांबरोबर जोरात हलवणं) लागतं, ते कमी झालं की ते जीवाणू टेबलमध्ये कमी दिसतात, आणि मग तुम्ही त्याला आजार समजता.

हाताशी लागणारी टूल्स:
- लिनक्सची कमांड लाइन, गिट, कोंडा (सॉफ्टवेअर इन्स्टॉल करायचं टूल). क्लस्टरवर (सगळ्यांनी मिळून वापरायच्या मोठ्या कॉम्प्युटरवर) जॉब टाकायला बहुतेक ठिकाणी स्लर्म असतं.
- आर नक्की, पायथन जमलं तर उत्तम. या फील्डमध्ये आर अजून जोरात आहे, बायोकंडक्टरमधली फायलोसेक आणि मिया ही पॅकेजं बघून ठेवा.
- १६एससाठी डाडा२ किंवा क्यूआयआयएमई २ (हिला लोक "चाइम" म्हणतात, मीटिंगमध्ये गोंधळू नका).
- शॉटगनसाठी मेटाफ्लॅन, ह्यूमॅन, क्रॅकन२.
- अॅनालिसिसच्या पायऱ्या एकापाठोपाठ चालवायला स्नेकमेक किंवा नेक्स्टफ्लो, दोन्हीपैकी एकच, पण नीट.

सगळं शिकून मग अर्ज करू असं म्हणत बसू नका, वर्ष जाईल. एक पब्लिक डेटासेट घ्या आणि शेवटपर्यंत न्या. आरमध्ये क्युरेटेडमेटाजिनोमिकडेटा म्हणून पॅकेज आहे, त्यात प्रकाशित झालेल्या अभ्यासांचे प्रोसेस केलेले टेबल आणि साफ केलेला मेटाडेटा तयार मिळतो, लॅपटॉपवर चालतं. कच्च्या फाइलींपासून करायचं असेल तर युरोपियन न्यूक्लिओटाइड आर्काइव्हवरून थोडे १६एस सॅम्पल उतरवा. सगळा कोड गिटहबवर टाका, त्यात कसं चालवायचं ते चार ओळीत लिहा. हे एक काम दहा ऑनलाइन सर्टिफिकेटांपेक्षा जास्त बोलतं, मी इंटरव्ह्यूच्या दोन्ही बाजूंना बसलेय म्हणून सांगते.

३. लॅब निवडताना विचारायचं

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आणि इथेच सगळे लाजतात. पोस्टडॉकचा कॉन्ट्रॅक्ट साधारण दोन वर्षांचा असतो. आता हिशोब करा, एथिक्सची परवानगी, पेशंट गोळा करणं, सॅम्पल उणे ८० अंशाच्या फ्रीझरमध्ये साठवणं, मग सिक्वेन्सिंग कंपनीला पाठवणं, मग डेटा येणं. हे सगळं तुम्ही आल्यावर सुरू होणार असेल तर तुमच्या हातात टेबल येईपर्यंत कॉन्ट्रॅक्टचं बरंच पाणी वाहून गेलेलं असतं. ऑफरमध्ये "मोठा कोहोर्ट" (अभ्यासासाठी घेतलेला माणसांचा गट) असं लिहिलेलं असतं, तो कोहोर्ट कागदावर आहे का फ्रीझरमध्ये आहे का सर्व्हरवर आहे, हे तीन अगदी वेगळे प्रकार आहेत.

म्हणून इंटरव्ह्यूच्या शेवटी "तुमचे काही प्रश्न?" आलं की हे विचारा:
- डेटा आत्ता कुठाय? किती सॅम्पल सिक्वेन्स झालेत, किती बाकी?
- मेटाडेटा कोणाकडे आहे? हॉस्पिटलकडे असेल तर डेटा शेअरिंगचा करार सही झालाय का?
- हाच डेटा लॅबमध्ये अजून कोण वापरतंय, आणि पहिला पेपर कोणाचा?
- स्टॅटिस्टिशियन आहे का कुणी, की सगळं मीच?
- क्लस्टर आणि स्टोरेजचे पैसे कुठून? शेकडो शॉटगन सॅम्पल म्हणजे मधल्या फाइलींसकट टेराबाइटमध्ये जातं.

उद्धटपणा वाटेल म्हणून घाबरू नका, चांगल्या पीआयला (लॅबच्या प्रमुखाला) हे प्रश्न आवडतात. ज्याला नाही आवडले त्याने तुम्हाला उत्तर दिलंच. शिवाय लॅबमधल्या आत्ताच्या पोस्टडॉकशी वेगळं बोलायला मागा, पीआय कॉलवर नसताना.

कुठे बघायचं? इटलीत त्रेंतो (मेटाफ्लॅन तिथलंच), फिनलंडमध्ये तुर्कू (मिया पॅकेज तिथलं), बेल्जियममध्ये लवेन, जर्मनीत हायडेलबर्गची एम्बल (युरोपियन मॉलिक्युलर बायोलॉजी लॅबोरेटरी), अमेरिकेत सॅन डिएगो आणि बॉस्टन ही ठळक नावं. पण नावामागे पळू नका, एखाद्या मेडिकल कॉलेजातला छोटा ग्रुप, ज्यांच्याकडे व्यवस्थित जमवलेले सॅम्पल आहेत पण अॅनालिसिस करणारं कुणी नाही, तिथे तुमची किंमत जास्त असते. आणि भारतातच राहायचं असेल तर पुण्यात एनसीसीएसचं नॅशनल सेंटर फॉर मायक्रोबियल रिसोर्स आहे, फरीदाबादला टीएचएसटीआय, भोपाळला आयसर, दिल्लीत ट्रिपलआयटी. पुण्यात टीसीएसच्या रिसर्चमध्येही मेटाजिनोमिक्सवर बरंच काम झालंय.

४. ईमेल आणि इंटरव्ह्यू

"रिस्पेक्टेड सर/मॅडम, आय अॅम हाइली मोटिव्हेटेड" या ईमेलला उत्तर येत नाही. त्यांचा एक पेपर नीट वाचा, त्यातली एक गोष्ट पुढे कशी नेता येईल ते तीन ओळीत लिहा, गिटहबची लिंक द्या, सीव्ही जोडा, संपलं. दोन आठवड्यांनी एकदा आठवण करा, मग सोडून द्या. युरोपात पीआयला "सर" म्हणायची गरज नाही, आणि पहिल्या ईमेलला डॉक्टर अमुक लिहून पुढे ते ज्या नावाने सही करतात त्या नावाने हाक मारली तरी चालतं, आपल्याला ते जड जातं हे खरं.

इंटरव्ह्यूत पीएचडीच्या कामावर टॉक द्यावा लागतो. नंतर हमखास येणारा प्रश्न म्हणजे "हा डेटा दिला तर काय कराल?" इथे टूलची यादी म्हणून दाखवू नका. आधी विचारा की केस आणि कंट्रोल एकत्र एक्स्ट्रॅक्ट केलेत का, औषधांची नोंद आहे का, ब्लँक सॅम्पल (काहीच न घालता तसेच प्रोसेस केलेले) आहेत का. निम्मं काम तिथेच होतं.

५. पगार का फेलोशिप

प्रोजेक्टमधून कॉन्ट्रॅक्ट मिळाला तर जर्मनीत बहुतेक विद्यापीठांत टीव्ही-एल ई१३ ही सरकारी पगाराची श्रेणी लागते, तिच्यात अनुभवाप्रमाणे पायऱ्या असतात. पीएचडीच्या काळात जेआरएफ-एसआरएफ म्हणून केलेलं काम अनुभव म्हणून धरता येतं का ते सही करायच्या आधी एचआरला विचारा आणि संस्थेकडून तारखांसकट अनुभवपत्र मागवून ठेवा. नंतर भांडून वाढत नाही.

स्वतःची फेलोशिप आणायची तर:
- मारी क्युरी (युरोपियन युनियनची): दरवर्षी एकदा, डेडलाइन साधारण सप्टेंबरात. सापळा असा की डेडलाइनच्या आधीच्या ३६ महिन्यांत, जिथे जायचंय त्या देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं चालत नाही. म्हणजे आधी जर्मनीत नोकरी धरून दीड वर्षाने तिथूनच जर्मनीसाठी अर्ज करू म्हणाल तर दार बंद.
- एम्बो (युरोपियन मॉलिक्युलर बायोलॉजी ऑर्गनायझेशन): भारत २०१६ पासून त्यांचा असोसिएट मेंबर आहे. पीएचडीनंतर फार वर्षं गेलेली चालत नाहीत.
- हुम्बोल्ट: जर्मनीसाठी, पीएचडीनंतर चार वर्षांच्या आत, मुदत ६ ते २४ महिने.
- भारतात एएनआरएफची नॅशनल पोस्टडॉक्टरल फेलोशिप (आधी सर्ब द्यायचं ती) आणि डीबीटीचं रिसर्च असोसिएटशिप.

फेलोशिप आणि कॉन्ट्रॅक्ट यात एक फरक लोकांना उशिरा कळतो. स्टायपेंड असेल तर सहसा पेन्शन, बेकारी विमा वगैरे कापलं जात नाही, हातात आकडा छान दिसतो पण पुढे ते संरक्षण नसतं. मारी क्युरीत मात्र बहुतेक ठिकाणी संस्था तुम्हाला कर्मचारी म्हणूनच घेते.

६. कागदपत्रं

ही यादी घरी सांगून एका फाइलमध्ये जमवून ठेवा:
- पासपोर्ट, निदान पुढची काही वर्षं वैध
- पीएचडीचं डिग्री सर्टिफिकेट, किंवा प्रोव्हिजनल आणि विद्यापीठाचं नोटिफिकेशन
- बीएस्सी, एमएस्सीच्या सगळ्या मार्कशीट आणि डिग्र्या
- अनुभवपत्रं, फेलोशिपचं अॅवॉर्ड लेटर
- कॉन्ट्रॅक्ट किंवा होस्टिंग अॅग्रीमेंट
- जन्मदाखला, लग्न झालं असेल तर मॅरेज सर्टिफिकेट, जोडीदार येणार असेल तर दोन्ही मूळ प्रती
- तुमच्या विद्यापीठाचं अनाबिन या जर्मन डेटाबेसमधलं पान छापून (तिथे एच प्लस, म्हणजे मान्यताप्राप्त, लिहिलंय का बघा)

आता महाराष्ट्रातले खास घोळ. एक म्हणजे नाव. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं, आणि काही विद्यापीठांत शेवटी आईचं नाव, पासपोर्टवर गिव्हन नेम आणि सरनेम वेगळे खाने, कुठे वडिलांचं नाव आहे कुठे नाही. तिकडच्या क्लार्कला ही चार वेगळी माणसं वाटतात. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींचं तर विचारूच नका, पेपर एका नावावर, पासपोर्ट दुसऱ्या, डिग्री तिसऱ्या. नावाबद्दलचं अॅफिडेव्हिट किंवा गॅझेटची प्रत आधीच करून घ्या, आणि पेपरसाठी ऑर्किड आयडी काढा म्हणजे सगळं एका नंबराखाली राहतं.

दुसरं, व्हायव्हा झाला म्हणजे डिग्री हातात आली असं नाही. नोटिफिकेशन, मग प्रोव्हिजनल, मग पदवीदान समारंभ, यात महिने जातात. जॉइनिंगची तारीख पक्की करण्याआधी विद्यापीठाच्या परीक्षा विभागात जाऊन प्रत्यक्ष विचारून या, फोनवर कळत नाही.

तिसरं अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशासाठीचा सरकारी शिक्का. एजंट सगळ्यांनाच करायला लावतात. सगळ्या देशांना लागत नाही, जर्मनीने तर भारताच्या अपोस्टिलला हरकत नोंदवलेली आहे, त्यामुळे कॉन्सुलेटची चेकलिस्ट वाचल्याशिवाय मंत्रालयाच्या रांगेत उभं राहू नका.

७. गेल्यावर पहिला महिना

घर मिळालं की लगेच पत्त्याची नोंदणी, त्यावर टॅक्स नंबर, बँक, आरोग्य विमा सगळं अडलेलं असतं. मोठ्या शहरात याची अपॉइंटमेंट उशिराची मिळते म्हणून भारतातूनच बुक करा. एअरबीएनबीवर उतरत असाल तर घरमालक नोंदणीचं पत्र देईल का हे आधी विचारा, बरेच देत नाहीत.

लॅबमध्ये पहिल्या दिवसापासून क्लस्टरचं अकाउंट आणि डेटा अॅक्सेस मागायला लागा. युरोपात पेशंटचा डेटा म्हणजे जीडीपीआर (खाजगी माहितीच्या संरक्षणाचा कायदा), त्याची सही व्हायला वेळ लागतो. डेटा आला की कोड चालवायच्या आधी ज्याने सॅम्पल गोळा केलेत त्या माणसाबरोबर, बहुतेकदा ती एखादी नर्स किंवा टेक्निशियन असते, तासभर बसा. कुठल्या महिन्यात फ्रीझर बंद पडला होता, कोणतं किट मध्येच बदललं, कुठले सॅम्पल बाहेर राहिले, हे कुठल्याच फाइलमध्ये लिहिलेलं नसतं. मी अजूनही प्रत्येक नव्या प्रोजेक्टला हे करते.

८. अॅनालिसिसमधले सापळे

*बॅच.* सगळे पेशंट एका प्लेटवर आणि सगळे निरोगी दुसऱ्या प्लेटवर असतील तर तुम्ही आजार मोजताय का प्लेट, हे कुठलंही सॉफ्टवेअर वेगळं करू शकत नाही. असा डेटा दिला तर स्पष्ट सांगा, उशिरा सांगण्यापेक्षा आत्ता.

*औषधं.* टाइप २ डायबिटीसच्या पेशंटमध्ये दिसलेला बराचसा फरक मेटफॉर्मिनमुळे होता हे २०१५ मध्ये दाखवलं गेलं. आजार बघताय म्हणून गोळीकडे दुर्लक्ष करू नका. अँटिबायोटिक, अॅसिडिटीच्या गोळ्या, शौच किती घट्ट किंवा पातळ, हे सगळं मेटाडेटात लागतं. शेवटचं विचारायला लाज वाटते पण त्याचा परिणाम खूप मोठा असतो.

*प्रमाण.* सिक्वेन्सर ठराविक एवढेच रीड्स (वाचलेले डीएनएचे तुकडे) देतो. एक किलोच्या पिशवीत शेंगदाणे जास्त भरले की पोहे कुणी काढले नाहीत तरी कमी होतात, तसंच इथे एक जीवाणू वाढला की बाकीचे कमी झाल्यासारखे दिसतात. याला कंपोझिशनल डेटा म्हणतात, म्हणून लॉग-रेशो, सीएलआर (सेंटर्ड लॉग-रेशो) वगैरे शिकावं लागतं. आणि कुठला जीवाणू वेगळा आहे हे शोधायच्या पद्धतीही एकमेकींशी जुळत नाहीत, २०२२ मध्ये १४ पद्धती ३८ डेटासेटवर चालवून बघितल्या तर उत्तरं बरीच वेगवेगळी आली. त्यामुळे दोन-तीन पद्धती आधीच ठरवून ठेवा आणि सगळ्यांचे निकाल दाखवा. हवं ते उत्तर देणारी पद्धत शोधत बसणं म्हणजे स्वतःलाच फसवणं.

*घाण.* एक्स्ट्रॅक्शन किटमध्येच जीवाणूंचा डीएनए असतो, २०१४ पासून हे नीट माहीत आहे. विष्ठेत तेवढा फरक पडत नाही, पण रक्त, फुफ्फुस, ट्यूमर अशा कमी जीवाणूंच्या सॅम्पलमध्ये तोच सिग्नल होऊन बसतो. ब्लँक नसतील तर असल्या प्रोजेक्टला हातच लावू नका, हे माझं मत. २०२० मध्ये नेचरमध्ये एक पेपर आला होता, कॅन्सरचे प्रकार जीवाणूंच्या डीएनएवरून ओळखता येतात म्हणणारा, खूप गाजला. नंतर दुसऱ्यांनी तोच डेटा तपासला तर माणसाचाच डीएनए जीवाणूंचा म्हणून मोजला गेलेला आणि नॉर्मलायझेशनमधून खोटा फरक तयार झालेला निघाला, २०२४ मध्ये पेपर मागे घेतला गेला. मशीन लर्निंगचा अॅक्युरसीचा आकडा फारच सुंदर आला तर आनंद करण्याआधी कच्चे रीड्स बघा.

*एकाच माणसाचे अनेक सॅम्पल.* मॉडेल शिकवायच्या (ट्रेन) आणि तपासायच्या (टेस्ट) डेटात तोच माणूस दोन्हीकडे गेला तर मॉडेल आजार नाही, माणूस ओळखतं. भाग पाडताना माणसांप्रमाणे पाडा.

*डेटाबेस.* व्हर्जन लिहून ठेवा, व्हर्जन बदललं की नावंही बदलतात. भारतीय आतड्यात प्रिव्होटेला बऱ्याचदा भरपूर दिसतो, आणि रेफरन्स जीनोम जास्त करून पाश्चात्य लोकांच्या सॅम्पलमधून आलेले, त्यामुळे आपल्याकडच्या डेटात अनोळखी रीड्स जास्त निघाले तर लगेच चूक समजू नका.

९. भारतातले सॅम्पल तिकडे न्यायचे असतील

"गावाकडचे शंभर सॅम्पल घेऊन येते" असं पीआयला सांगून टाकू नका. परदेशी सहकार्याच्या संशोधनात माणसांचे सॅम्पल असतील तर संस्थेच्या एथिक्स कमिटीबरोबर आयसीएमआरमार्फत आरोग्य मंत्रालयाच्या स्क्रीनिंग कमिटीची परवानगी लागते, आणि माती-पाण्यातले किंवा वेगळे काढलेले जीवाणू न्यायचे तर जैवविविधता कायदा आड येतो, नॅशनल बायोडायव्हर्सिटी अथॉरिटीकडे जावं लागतं. भारतातल्या जोडीदार लॅबशिवाय हे होत नाही. बऱ्याच वेळा सोपं पडतं ते असं की सिक्वेन्सिंग भारतातच करायचं आणि अॅनालिसिस दोघांनी मिळून.

१०. कॉन्ट्रॅक्ट संपत आल्यावर

पेपर पाठवायच्या आधी स्टॉर्म्स चेकलिस्ट (मायक्रोबायोमच्या पेपरात काय काय सांगायचं याची यादी) भरा, रिव्ह्यूअर तेच विचारतात. कच्चा डेटा पब्लिक करायच्या आधी माणसाचे रीड्स काढून टाका. मेटाडेटा मिक्स-एस या ठरलेल्या फॉरमॅटमध्ये आत्ताच नीट लावा, नाहीतर अपलोडच्या रात्री जागावं लागतं.

जर्मनीत पीएचडीनंतर विद्यापीठातल्या ठराविक मुदतीच्या नोकऱ्यांना वर्षांची कायदेशीर मर्यादा आहे, त्यामुळे "बघू, वाढवून मिळेल" या भरवशावर राहू नका. कॉन्ट्रॅक्ट संपायच्या तीन महिने आधी तिथल्या एम्प्लॉयमेंट ऑफिसात नाव नोंदवावं लागतं, मुदतवाढीचं तोंडी आश्वासन मिळालेलं असलं तरी. उशीर केला तर बेकारी भत्ता काही दिवस अडवतात. भत्त्यासाठी मागच्या ३० महिन्यांत निदान १२ महिने विमा भरलेला असावा लागतो, स्टायपेंडवर असलेल्यांचा तो सहसा भरलेलाच नसतो. नाव ऑनलाइन नोंदवता येतं, फॉर्म जर्मनमध्ये आहे, ब्राउझरचं भाषांतर चालतं.